टाळ्या आणि तुडुम

दरवर्षी 15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, अभियांत्रिकी महाविद्यालयांत सर विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार पडतो. विद्यार्थ्यांच्या मंडळाने (हल्ली त्याला क्लब किंवा सोसायटी म्हणतात) पाहुणे बोलावलेले असतात. प्रोजेक्टरवर चांद्रयान उडते. स्वप्नांविषयीचे एखादे वाक्य कलामांच्या नावावर झळकते. ते त्यांचेच आहे का, हे कुणी तपासत नाही. टाळ्या, शाल, श्रीफळ, समोसे. 'कुणाला काही विचारायचंय?' यावर सभागृह चिडीचूप. पूर्व विदर्भातल्या भंडाऱ्यात हे जसे घडते तसेच पुण्यातही घडते, त्यामुळे एकट्या भंडाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

मला खटकते ते वेगळेच. हार घातलेल्या माणसाने नेमके काय केले, हे त्या दिवशी सहसा कुणी सांगत नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून 1883 साली बाहेर पडलेल्या या इंजिनिअरपुढे खडकवासल्याला एक पेच होता. धरणाच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यात पाणी वाहून जायचे. ते अडवावे तर पुरात भिंतीला धोका, न अडवावे तर उन्हाळ्यात टंचाई. 1903 साली त्यांनी तिथे स्वयंचलित दारे बसवली. पाणी ठरावीक पातळीला पोचले की ती आपसूक उघडत, उतरले की मिटत. हा पेच फळ्यावर मांडून 'तुम्ही काय केलं असतं?' एवढे विचारले, तरी तासभर सभागृह बोलते राहील.

आणि भंडाऱ्यात तर हा पेच सभागृहाच्या दारात आहे. या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, आलेले आणि 1951 साली मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झालेले हे तलाव आता 'मामा तलाव' या लाडिक सरकारी नावाने ओळखले जातात: माजी मालगुजारी तलाव. मातीची पाळ, जादा पाणी काढून देणारा सलांग, आणि शेताकडे पाणी सोडायचे तुडुम. इथे पाऊस भरपूर पडतो, पण धान निसवायच्या वेळी त्याने दडी मारली की हातचे पीक जाते. तेवढ्या थोड्या दिवसांसाठी साठवलेले पाणी, हे या तलावांमागचे साधे गणित. सलांग किती रुंद ठेवला म्हणजे पाळ फुटणार नाही आणि पाणीही वाया जाणार नाही, हा खडकवासल्याचाच प्रश्न. तो इथे विश्वेश्वरय्यांच्या पुष्कळ आधी, कॅल्क्युलस न शिकलेल्या लोकांनी सोडवलेला आहे. कसा, ते जलशास्त्राच्या सूत्रांनी तपासून पाहणे हे तिसऱ्या वर्षाच्या सिव्हिलच्या मुलांना सहज झेपणारे काम आहे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो मला मान्य आहे. 'आपल्या मातीतलं विज्ञान' म्हणत खेड्यातल्या मुलाच्या हाती तलाव द्यायचा आणि मंगळ शहरातल्या मुलासाठी राखून ठेवायचा, हा आणखी एक अन्याय झाला. साकोलीच्या मुलीचा कृष्णविवरांवर तितकाच हक्क आहे. शिवाय पूर्वजांना सगळे ठाऊक होते म्हणून हात जोडणे हीदेखील टाळीच, फक्त दिशा बदललेली. तेव्हा जवळचे की लांबचे, हा वाद मला फोल वाटतो. खरा प्रश्न ऐकणाऱ्याने पुढे काय केले, हा आहे.

व्याख्यानाने आयुष्य बदलल्याचे सगळ्यांत गाजलेले उदाहरण मायकेल फॅरडेचे. लंडनमधला हा बुकबाइंडरचा उमेदवार 1812 साली रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकायला गेला. त्याने टिपणे काढली, आकृत्या काढल्या, सगळे नीट बांधून काढले आणि ते बाड डेव्हीकडे पाठवले. पुढच्या वर्षी तो डेव्हीचा मदतनीस झाला. व्याख्यान तर इतरांनीही ऐकले होते. बाड फॅरडेने केले. पुढे स्वतः मुलांना व्याख्याने देताना त्याने विषय घेतला तो साध्या मेणबत्तीचा.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी हेच निराळ्या तऱ्हेने साधले. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, की मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आकाशगंगांवर काम करणारा माणूस टाळी नाकारून प्रश्न मागत होता. भंडाऱ्यातल्या एखाद्या मंडळाने पाहुण्याला बोलवण्याआधी मुलांकडून असे प्रश्न घ्यावेत, आणि ते इथल्या झाडीबोलीत आले तरी तसेच वाचून दाखवावेत. पाहुण्यांपुढे इंग्रजी वाक्य जुळवता जुळवता कितीतरी प्रश्न घशातच विरतात.

विषयांना तोटा नाही. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचे खनिज निघते, ते टॉर्चच्या कोरड्या सेलसाठी वापरतात. सेल फोडला की आतली काळी भुकटी दिसते. फॅरडेच्या मेणबत्तीइतकाच तो विषय भरलेला आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत उतरते आणि गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात साचते. त्याची तपासणी केमिकलच्या मुलांनी नाही तर कुणी करायची? 1999 पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मासेमार ढिवर समाजाबरोबर तलावांत माजलेली बेशरम ही वनस्पती काढली, पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे परत आणले. कुठला मासा कुठल्या वनस्पतीच्या आडोशाला राहतो, हे ढिवरांना ठाऊक होते; त्याची नोंद ठेवून ते पारखून घेणे हे विज्ञान झाले. अशा ढिवराला व्याख्याता म्हणून मंचावर बसवायला मात्र आपल्या मंडळांना संकोच वाटतो. त्याच्याकडे स्लाइड्स नसतात.

मंडळांच्या दिनदर्शिकेत दोन तारखा ठरलेल्या असतात. 15 सप्टेंबरला तलाव भरलेला असतो. पाऊस बरा झाला असेल तर सलांगावरून पाणी पडताना दिसते आणि काठी, दोरी, घड्याळ घेऊन त्याचा वेग मोजता येतो. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, पाणी खाली गेलेले असते. तेव्हा पाळीवरून उतरले की तुडुम उघडे पडलेले दिसते.