उगाच

नव्या गावी राहायला गेलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात आप्तेष्ट विचारतात, "घर लागलं का?" दुसऱ्या महिन्यात विचारतात, "पाणी मानवलं का?" आणि तिसऱ्या महिन्यापासून पुढे एकच प्रश्न कायमचा उरतो : "तिकडे वेळ कसा जातो?" पहिल्या दोहोंना होय-नाही म्हणून मोकळे होता येते. तिसऱ्याचे तसे नाही. वेळ जातोच, त्याला घालवणारे आपण कोण? पण आपण 'वेळ घालवणे' असेच म्हणतो. जणू तो दुपारी दारात येऊन बसलेला कुणी आगंतुक आहे, आणि काहीतरी युक्ती करून त्याला वाटेला लावायचे आहे.

मुलाच्या नोकरीपायी आम्ही उभयता चेन्नईस आलो त्याला तीन वर्षे होतील. त्याआधी साताऱ्यास 32 वर्षे मी शाळेत शिकवत होते. शाळेतून रीतसर निवृत्त झाले. स्वयंपाकघरातून निवृत्त होण्याचा अर्ज कोणाकडे करायचा ते मात्र अजून ठरलेले नाही. त्यामुळे 'इथे करायचे काय?' हा प्रश्न आमच्या घरात आधी पडला तो ह्यांना. बायकांना तो जरा उशिराच पडतो, कारण चूल त्यांच्यासोबत गावोगाव येते.

प्रश्न पडायला इथले ऊनही कारण आहे. साताऱ्याचे ऊन ऋतूपुरते असते; इथले ऊन घरच्या कर्त्या माणसासारखे वर्षभर सगळ्यांच्या वेळा ठरवते. मे महिन्यात ज्याला इथले लोक 'अग्निनक्षत्रम्' म्हणतात त्या तीन-साडेतीन आठवड्यांत तर पारा चाळीसच्या पुढे जातो आणि अकरानंतर रस्त्यावर कावळादेखील दिसत नाही. शहर पहाटे जागे होते, आठाच्या आत भाजी घेऊन घरी येते आणि मग पुन्हा संध्याकाळी समुद्रावरचा वारा सुटला की बाहेर पडते. मधली दुपार रिकामी. पुणेकरांच्या दुपारच्या झोपेची आपण थट्टा करतो. पण तिथे ती हौस आहे, इथे शहाणपण आहे. एवढेच की झोपून झोपून किती झोपणार? बारा ते चार हे चार तास घड्याळात असतात, पण आयुष्यात त्यांचे काय करावे हे साठ वर्षांत कोणी शिकवलेले नसते.

पाऊसही इथे भलत्या वेळी येतो. आपल्याकडचा ओसरतो तेव्हा, आश्विन-कार्तिकात, यांचा खरा पावसाळा सुरू होतो. दिवाळी पुष्कळदा ओली जाते. यांची दिवाळी म्हणजे मुख्यतः नरक चतुर्दशीची पहाट, तेल लावून न्हाऊन झाले की एकमेकांना विचारतात, "गंगास्नान झालं का?" नळाचे पाणी, पण त्या पहाटे ते गंगेचे. फटाक्यांत आणि पावसात कोण जिंकते हे पाहत आम्ही खिडकीशी चकल्या खातो.

तर, करायचे काय? सल्ले भरपूर आले. योगवर्ग काढा, मुलांना शिकवा, बाग करा, काहीतरी करा. या 'काहीतरी'मध्ये आमच्या पिढीचे सगळे नीतिशास्त्र भरलेले आहे. क्षणही रिकामा न दवडणे हे समर्थांनी भाग्यवंताचे लक्षण मानले, आणि आम्हाला ते पाढ्यांच्या आधी शिकवले गेले. त्याउपर लोकमान्यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवलेले. मंडालेसारख्या भाजणाऱ्या परक्या गावी, तेही तुरुंगात, माणसाला 'वेळ कसा जातो' असे कोणी विचारले असते तर नवल नव्हते. त्यांनी 1910-11 च्या हिवाळ्यात तिथे बसून 'गीतारहस्य' लिहिले. असे दाखले ऐकत वाढलेल्या माणसाने दुपारी पंख्याखाली पडून छताकडे पाहणे म्हणजे चोरी केल्यासारखेच वाटते.

पण याच भाषेत रिकाम्या न्हाव्याचीही म्हण आहे, तो भिंतीला तुंबड्या लावतो ती. काम नाही म्हणून ओढूनताणून काढलेले काम, ज्याचा भिंतीला उपयोग नाही आणि न्हाव्यालाही नाही. निवृत्तीनंतरचे आपले बहुतेक उद्योग मला त्या जातीचे वाटतात. ह्यांचेच घ्या. एगमोरला 1896 साली उघडलेले कॉनेमारा ग्रंथालय आहे. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत जिथे पाठवावी असा 1954 चा कायदा आहे, त्या चार ग्रंथालयांपैकी हे एक. ह्यांनी तिथे जाऊन मराठी पुस्तकांचा पत्ता काढला! म्हणजे माणूस हजार-बाराशे किलोमीटर दक्षिणेला आला तो मराठी वाचायला. मी हसते, पण ते ज्या दिवशी तिथे जातात त्या दिवशी जेवताना बोलतात, हेही खरे. मग ती तुंबडी भिंतीलाच लागली असे कसे म्हणावे?

मी स्वतः तामिळ शिकायला घेतले. शेजारच्या मामी (इथे आदराच्या बाईला मामीच म्हणतात) रोज दुपारी तासभर अक्षरे गिरवून घेतात, आणि 32 वर्षे दुसऱ्यांच्या पाटीवर रेघोट्या मारलेल्या बाईला तोंडावर 'टीचर' म्हणतात. तामिळात क, ख, ग, घ या चारांना मिळून एकच अक्षर. 'गांधी' आणि 'कांती' लिहिताना सारखेच. वाचणाऱ्याने आधी अर्थ ओळखायचा, मग उच्चार करायचा! आमच्याकडे उलटे असते : उच्चार आधी, अर्थ पुढेमागे कळला तर कळला.

या शिकवणीत मला जो शब्द सापडला त्यासाठी खरे म्हणजे हा सगळा प्रपंच मांडला आहे. तो शब्द 'सुम्मा'. इथे तो दिवसातून शंभरदा कानांवर पडतो. "का आलात?" "सुम्मा." "काय चाललंय?" "सुम्मा." काही कारण नाही, सहज, असेच. दंगा करणाऱ्या पोराला आई दटावते, "सुम्मा इरु!" गप्प बस. आणि हेच दोन शब्द तामिळ शैव परंपरेत सगळ्यांत वरच्या पायरीचा उपदेश आहेत. तिरुवण्णामलैला 1896 साली सोळा वर्षांचा मुलगा म्हणून आलेले आणि 1950 साली देह ठेवीपर्यंत तिथेच राहिलेले रमण महर्षी साधकांना हेच सांगत : सुम्मा इरु. नुसता राहा.

मामींनी हे सांगितले आणि मी थबकले, कारण हा शब्द मला ठाऊक होता. आपण रडणाऱ्या मुलाला 'उगी उगी' म्हणतो. 'उगा राहा' म्हणजे शांत राहा. आणि विनाकारण केलेल्या गोष्टीला म्हणतो 'उगाच'. शांतपणा आणि निष्कारणपणा या दोन्ही गोष्टी आपल्या भाषेनेही एकाच शब्दात बांधून ठेवल्या आहेत. मात्र तामिळाने त्यातून उपदेश काढला आणि आपण तक्रार काढली. 'उगाच बसलाय', 'उगाच गेला', 'उगाच खर्च'. आमच्या तोंडी 'उगाच' म्हणजे शिवीच्या शेजारचा शब्द.

मग बरोबर कोण? लोकमान्य की महर्षी? एक म्हणतो कर, एक म्हणतो नुसता राहा. दिवाळी अंकाच्या पानात हा वाद मिटणार नाही. पण महर्षींची एक गोष्ट मला मोलाची वाटते. 'नुसता राहा' सांगणारा हा माणूस पहाटेच्या अंधारात उठून आश्रमाच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायला बसत असे. चिरणे थांबवा असे त्या 'सुम्मा'त कुठेच नव्हते. 'हे करून मला काय मिळणार' हा हिशेब थांबवा एवढेच असावे. लोकमान्यांनीही गीतेतून कर्मयोगच काढला, पण तो फळाची आशा सोडलेला. दोघे दोन टोकांनी निघून एकाच पाटावर विळीपुढे येऊन बसले, असे मला आपले वाटते. विळीपुढे आयुष्य गेलेल्या बाईला असे वाटायचेच, असे ह्यांचे मत.

हे डोक्यात घेऊन पाहू लागले तेव्हा या शहरातली 'उगाच' केलेली कामे दिसू लागली. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून, इथे गाण्याचा हंगाम असतो. 1928 साली स्थापन झालेली म्युझिक अकादमी आणि तिच्या मागोमाग कितीतरी सभा. संध्याकाळी नामवंत गातात, तिकिटे लागतात. भर दुपारी मात्र नवी मुले गातात, तेही पुष्कळ ठिकाणी फुकट, आणि सभागृहात पंधरा-वीस म्हातारी माणसे. मी त्यांतली एक. शेजारच्या आजोबांचा हात मांडीवर ताल धरीत असतो. गाणारी मुलगी अवघड जागी आली की त्या हाताकडे बघते. आजोबा नसते तर ती कोणाकडे बघणार होती? ऐकणे हे काम आहे असे मला शाळेत कधी वाटले नव्हते. तिथे ते पोरांचे कर्तव्य होते! याच सभांतून हरिकथा ऐकली, आणि त्यात साकी, दिंडी, ओवी ऐकून चमकले. तंजावरच्या मराठी राजवटीतून आपले कीर्तन तामिळ मुलखात झिरपले आणि वृत्ते इथेच राहिली.

दुसरे काम बेसंट नगरच्या किनाऱ्यावर. आपल्या वेळासला येतात तीच ऑलिव्ह रिडले कासवे इथेही हिवाळ्यात अंडी घालतात. इथल्या विद्यार्थ्यांनी 1988 पासून एक मंडळ चालवले आहे. रात्रभर वाळू तुडवून अंडी शोधायची, कुंपणात पुरून ठेवायची आणि पिले निघाली की संध्याकाळी समुद्राकडे सोडायची. शहराच्या दिव्यांना भुलून पिले उलटी रस्त्याकडे वळतात म्हणून ही धडपड. हजारांत एखादेच मोठे होते असे म्हणतात. एका मुलाला मी विचारले, "मग कशाला जागतोस?" तो हसला. तो काय म्हणाला ते आता वाचकांना सांगायला नको.

पण एक गोष्ट खटकत राहते, आणि ती दडवून हा लेख गोड करायचा नाही. 'उगाच' परवडायला आधी दोन वेळचे जेवण ठरलेले असावे लागते. माझे पेन्शन येते म्हणून माझ्या दुपारी रिकाम्या. आमच्या कोपऱ्यावर फुलवाली बसते. बारा ते चार तीही तिथेच असते, एका जुन्या छत्रीखाली, केळीच्या सोपटाने मोगरा गुंफीत. तिच्या दुपारला कोणी रिकामी म्हणणार नाही. मी शिकलेले तामिळ पाजळायला तिला एकदा विचारले, "काय करतेस?" बोटे न थांबवता ती म्हणाली, "सुम्मादान." हा 'दान' म्हणजे आपला 'च'. म्हणजे शब्दाला शब्द ठेवला तर : उगाच! पोटासाठी उन्हात बसलेली बाई मला 'उगाच' म्हणते, यात नम्रता होती, की थट्टा, की नुसती बोलायची रीत, हे अजून माझ्या तामिळाच्या आवाक्यात आलेले नाही. महर्षींचा शब्द तिच्या तोंडी जितका खरा वाटला तितका माझ्या तोंडी वाटत नाही, एवढे मात्र खरे.

तेव्हापासून आमची ओळख वाढली. आठवड्यातून एखाद्या दुपारी तिला रेशनच्या दुकानात जायचे असते, तेव्हा अर्धा तास टोपलीपाशी मी बसते. इथे फुले हाताने मोजून विकतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक 'मुळम्'. माझा हात तिच्यापेक्षा चांगला चार बोटे लांब. ही गोष्ट गल्लीतल्या बायकांच्या ध्यानात यायला दोन दुपारी पुरल्या. आता मी बसले की गिऱ्हाईक वाढते. फुलवालीने हिशेब पाहिला, माझा हात पाहिला, आणि पुढल्या वेळेपासून मूठ मिटून मोजायला सांगितले. मी बसते तेव्हा मूठ मिटूनच मोजते. बायका कुरकुरतात आणि घेतात.