सोंग

पस्तीस वर्षे झाली. सीमाभागातल्या एका शाळेत माझ्या पाचवीच्या वर्गातल्या मुलाचा उजवा पाय चालताना आत वळे. पुढे पेन धरलेला हातही पिळवटू लागला. मात्र उलटे चालायला सांगितले की पाय सरळ पडे. एवढा पुरावा मला पुरला. "सोंगाड्या!" म्हणून मी छडी उचली. रडवेला झाला की तो घरच्या कन्नडात सांगे, 'आपोआप वळतो.' भाषा मला कळत होती. विश्वास बसत नव्हता.

या विकाराला डिस्टोनिया म्हणतात. हे नाव ओपेनहाइम या जर्मन वैद्याने १९११ साली दिले. मेंदूकडून स्नायूंना चुकीचे हुकूम जातात, परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आवळतात. पुढे चालताना वाकडा पडणारा पाय उलट्या चालीत सरळ पडणे, हे या विकाराचेच एक लक्षण! माझा पुरावा त्याच्याच बाजूचा होता.

फ्रान्समध्ये ग्रनोब्ल येथे बेनाबीद आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली हाताच्या कंपावर मेंदूत खोलवर सतत वीजप्रवाह देण्याची वाट दाखवली. डिस्टोनियासाठी अमेरिकेत २००३ साली मर्यादित परवानगी मिळाली. ग्लोबस पॅलिडस या केंद्रात बारीक तारा सोडतात आणि छातीच्या वरच्या भागी, कातडीखाली, बॅटरीचे यंत्र बसवतात. गुण हळूहळू, कित्येकदा महिन्यांनी येतो. सर्वांना सारखा येत नाही.

माझ्या विद्यार्थ्याला तो आला. गेल्या दिवाळीत तो सरळ पावलांनी उंबरा ओलांडून आत आला. मी गहिवरून म्हणालो, "आता पटलं रे, तू खरा होतास."

तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, यंत्र बंद पडलं तर पाय पुन्हा वळेल. मग मी पुन्हा सोंगाड्या का?"

मी निरुत्तर झालो. माझा विश्वास त्याच्यावर नव्हे, बॅटरीवर बसला होता. ज्याला हा उपचार परवडत नाही किंवा लागू पडत नाही, त्याने आपले दुखणे कशाने सिद्ध करावे?

मुले सोंगे करतात, हेही खरे. पण दोन चुकांची किंमत सारखी नसते. सोंगाला खरे मानले तर मास्तर एक दिवस फसतो. खऱ्याला सोंग म्हटले तर मूल वर्षानुवर्षे एकटे पडते. संशय घ्यायचाच, तर तो आधी आपल्या निवाड्याचा का घेऊ नये?

मी त्याची माफी मागितली. ती मिळाली का, हे मात्र विचारले नाही. तो हक्क मी छडीबरोबरच गमावला होता.