खाल्ल्या मिठाला जागणें

(मननासाठीं वचनें: १ करिंथ ४:७, लूक १२:४८)



करिंथ येथील मंडळींत कांहीं लोक आपल्या ज्ञानाचा व दानांचा ताठा मिरवीत असत. त्यांना पौलानें एकच प्रश्न विचारून निरुत्तर केलें. तुमच्यापाशीं जें कांहीं आहे तें सर्व तुम्हांला मिळालेलें आहे. मग तें जणूं स्वतःच निर्माण केलें अशा तोऱ्यानें कां वागतां, असा त्या प्रश्नाचा आशय आहे. हा प्रश्न श्रीमंतास लागू पडतो तसा गरिबासही लागू पडतो. तो नीट समजावा म्हणून आज एका धनवान व देवभक्त मनुष्याचें चरित्र आपल्यापुढें ठेवितों. त्याचें नांव जॉन मॅकग्रेगर. तो स्कॉटलंडांतील एका प्रसिद्ध कुळांतला होता.

त्याचा जन्म २४ जानेवारी १८२५ रोजीं इंग्लंडांतील ग्रेव्हसेंड या बंदरगांवीं झाला. त्याचा बाप मेजर डंकन मॅकग्रेगर हा पलटणींतला अधिकारी होता. पलटणीस बंगाल्यांत जाण्याचा हुकूम झाला, म्हणून हें कुटुंब ‘केंट’ नांवाच्या मोठ्या गलबतावर चढलें. शिपाई, त्यांच्या बायका, मुलें व खलाशी मिळून गलबतावर सहाशेंहून अधिक माणसें होतीं. १ मार्च १८२५ रोजीं बिस्केच्या उपसागरांत भयंकर तुफान झालें. दारूचीं पिंपें नीट बांधलेलीं आहेत कीं नाहीं हें पाहण्यास एक अधिकारी दिवा घेऊन तळघरांत उतरला. गलबतानें एकदम कलंडी खाल्ली, दिवा हातून पडला, पिंप फुटलें आणि आग लागली. वर तुफान, खालीं आग, आणि पोटांत तोफांच्या दारूचें कोठार! मेजर मॅकग्रेगर यानें कागदाच्या एका चिटोऱ्यावर लिहिलें कीं आम्ही आपले आत्मे तारणाऱ्याच्या हातीं सोंपवीत आहों; आणि ती चिठ्ठी बाटलींत घालून समुद्रांत टाकली. १८२६ सालीं ती बाटली महासागरापलीकडे बार्बाडोस बेटाच्या किनाऱ्यास लागली.

परंतु चिठ्ठीच्या आधीं देवाची मदत पोंचली होती. ‘केंब्रिया’ नांवाचें एक लहानसें जहाज त्या मार्गानें मेक्सिकोकडे चाललें होतें. त्याचा कप्तान कुक यानें धूर पाहिला व जहाज वळविलें. होड्या खालीं सोडून प्रथम बायका व मुलें उतरविण्यांत आलीं. पांच आठवड्यांचा जॉन आईच्या कुशींत झोंपलेला होता. त्याला होडींतून उचलून केंब्रियावरील अधिकाऱ्याच्या हातीं देण्यांत आलें. त्या जहाजावर पोंचलेल्या पहिल्यांत तो होता. केंब्रियावर कॉर्नवॉल प्रांतांतले खाणकामगार होते. ते पोटासाठीं परमुलखास निघालेले दरिद्री लोक होते. ते जहाजाच्या कडेस उभे राहून, हेलकावणाऱ्या होड्यांतून एकेका जिवाला आपल्या बळकट हातांनीं वर ओढीत राहिले. पुढें रात्रीं आग दारूच्या कोठारास भिडली व केंट गलबत उडालें. पांचशेंहून अधिक जीव वांचले. ऐंशीहून अधिक दगावले.

येथें क्षणभर थांबा. जीं माणसें बुडालीं तीं कांहीं अधिक पापी होतीं असें नाहीं. शिलोहाचा बुरूज ज्यांच्यावर पडला त्यांच्याविषयीं प्रभूनेंच ही समजूत खोडून काढली आहे. पांच आठवड्यांच्या मुलानें असें कोणतें पुण्य केलें होतें कीं तें वांचावें? कांहीं नाहीं. त्याला जीव मिळाला तो फुकट मिळाला. तें मूल कोणाच्या हातांनीं वांचलें? मेजराच्या पोराला बडे लोक वांचवावयास आले नाहींत. खलाशांचे व खाणींत राबणाऱ्यांचे हात त्यासाठीं पुढें झाले. जखऱ्याच्या पुस्तकांत अग्नींतून ओढून काढलेल्या कोलिताची उपमा आहे; तशाच त्या बाळाच्या आयुष्याचा आरंभ झाला.

मुलगा मोठा झाला. केंब्रिज येथें त्यानें गणितांत नांव मिळविलें. १८५१ सालीं तो लंडनमध्यें बॅरिस्टर झाला व नव्या यंत्रांच्या शोधांचे हक्क या कायद्याच्या शाखेंत त्यानें विशेष लक्ष घातलें. घरची सुस्थिति होती. सुखानें बसून खाण्यास त्याला कोणी हरकत घेतली नसती. परंतु आपलें आयुष्य ही परक्याची ठेव आहे अशा रीतीनें तो वागला.

त्या काळीं लंडनच्या गल्ल्यांत हजारों अनाथ पोरें भटकत असत. त्यांच्यासाठीं ‘रॅग्ड स्कूल’ म्हणजे फाटक्या कपड्यांच्या मुलांच्या शाळा निघाल्या होत्या आणि लॉर्ड शाफ्ट्सबरी त्यांचे पुढारी होते. मॅकग्रेगर या शाळांत शिकवूं लागला. १८५१ सालीं लंडनांत मोठें जागतिक प्रदर्शन भरलें व देशोदेशींचे लोक येऊं लागले. तेव्हां त्यानें व त्याच्या मित्रांनीं या पोरांची एक टोळी उभी केली. तांबडा पोशाख घालून, पेटी व ब्रश घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर बसावयाचें आणि एका पेनीला जोडे पुसून चकचकीत करावयाचे, हें त्यांचें काम. मिळकतीचा कांहीं भाग मुलाच्या हातीं, कांहीं संस्थेच्या खर्चास, व कांहीं त्याच्या नांवें बँकेंत शिल्लक, अशी वांटणी असे. भीक घालून तो मोकळा झाला नाहीं. त्यानें काम दिलें, शाळा दिली, आणि उद्यांची सोय करण्याची संवय लावली.

आमच्या खेड्यापाड्यांत पायताणाशीं ज्यांचा धंदा जोडलेला, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या हिणविण्यांत आलें; ती खोड अजून समूळ गेलेली नाहीं. प्रभूनें तर कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. जो त्याचा म्हणवितो त्याला जोड्यांच्या कामाची लाज कशी वाटावी? मॅकग्रेगरला ती वाटली नाहीं.

१८५३ सालीं ‘ओपन एअर मिशन’ ही संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत तो होता. जे लोक देवळाची पायरी चढत नाहींत त्यांच्यासाठीं चव्हाट्यावर जाऊन सुवार्ता सांगावयाची, हा तिचा हेतु. बॅरिस्टर असूनही तो स्वतः रस्त्याच्या कडेला उभा राहून बोले. उपदेशक बंधूंनो, बाजाराच्या दिवशीं चार लोक हंसतात म्हणून आपण मागें सरतों, तेव्हां हें आठवावें.

आतां त्याच्या प्रवासांकडे वळूं. १८६५ सालीं त्यानें ओक लांकडाची एक लहान होडी बांधून घेतली. ती पंधरा फूट लांब, अठ्ठावीस इंच रुंद व वजनानें ऐंशी पौंड होती. आपल्याच कुळांतील प्रसिद्ध वीर रॉब रॉय याचें नांव तिला दिलें. तिच्यांत एकटा बसून, दोन पात्यांच्या वल्ह्यानें, तो ऱ्हाईन, डॅन्यूब, मोझेल अशा नद्या व स्वित्झर्लंडचीं सरोवरें फिरला. रविवारीं मात्र होडी बांधलेली असे. १८६६ सालीं या हजार मैलांच्या प्रवासाचें पुस्तक निघालें व तें घरोघर वाचलें गेलें. देवभक्त मनुष्यानें खेळूं नये, हंसूं नये, असें समजणाऱ्यांनीं हें पुस्तक लिहिणाराकडे पाहावें. त्यानें आनंद टाकला नाहीं, पण तो एकट्यानें खाल्लाही नाहीं. १८६७ सालीं तो शिडाच्या नावेंतून एकटा फ्रान्सला गेला, तेव्हां वाटेंत खलाशी व कोळी लोकांस वांटण्यासाठीं पुस्तकें व चित्रपत्रें बरोबर होतीं. पुस्तकांचें व व्याख्यानांचें उत्पन्न तो धर्मकार्यास देई. अशा रीतीनें हजारों पौंड गरिबांच्या संस्थांकडे गेले. १८७० सालीं लंडनच्या पहिल्या स्कूल बोर्डावर तो निवडून आला व पोरांच्या शिक्षणासाठीं तेथेंही झटला.

१८६८-६९ सालीं त्यानें आपली होडी पवित्र भूमींत नेली. नामानाला ज्यांचा अभिमान होता त्या दिमिष्काच्या नद्या त्यानें पाहिल्या व यार्देनेच्या उगमाकडून तो हूले सरोवराच्या दलदलींत आला. (हें सरोवर १९५० नंतरच्या दशकांत बहुतेक उपसून कोरडें करण्यांत आलें.) तेथें अरबांनीं त्याला घेरलें. पाण्यांत उड्या टाकून त्यांनीं होडी धरली व तो बसलेला असतांनाच ती उचलून आपल्या शेखाच्या तंबूंत नेली. मॅकग्रेगर डगमगला नाहीं. त्यानें एक डबी उघडून पांढरी शुभ्र भुकटी पुढें केली. साखर समजून शेखानें ती चाखली. ती होती मीठ. मग मॅकग्रेगरनेंही ती खाल्ली व सांगितलें कीं आतां आपण एकमेकांचें मीठ खाल्लें आहे. ही युक्ति खरी. परंतु ती चालली याचें कारण त्या लोकांत मिठाची आण मानीत असत. पुढें बोलाचाली होऊन तो सुखरूप सुटला.

बंधुभगिनींनो, आपल्या मराठींतही खाल्ल्या मिठाला जागणें असें आपण म्हणतों. एका चिमटीची एवढी किंमत, तर ज्या देवाचें अन्न आपण जन्मभर खातों, ज्याच्या पुत्रानें आपल्यासाठीं प्राण दिला, त्याच्याशीं आपण किती जागतों? मॅकग्रेगरच्या सबंध आयुष्याला हा एकच शब्द पुरे. तो मिठाला जागला.

कोणी म्हणेल, “तो श्रीमंत होता, त्याला जमलें. आम्ही दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. आम्ही काय देणार?” हा प्रश्न खोटा नाहीं, दारिद्र्य सोसणाऱ्यालाच त्याचें ओझें ठाऊक. परंतु ही कथा पुन्हां आठवा. तींत मॅकग्रेगरखेरीज दुसरेही लोक आहेत. त्या खाणकामगारांपाशीं पैसा नव्हता, विद्या नव्हती, होडी नव्हती. त्यांचीं नांवेंही आज कोणी घेत नाहीं. त्यांच्यापाशीं दोन हात होते, आणि नेमक्या घटकेस ते कडेला उभे राहिले. ते मागें सरले असते तर कितीतरी जीव होडींतून वर आलेच नसते. देव तुमच्यापाशीं मॅकग्रेगरची थैली मागत नाहीं. तुमचेच हात मागतो. शेजारच्या विधवेची मोट बंद पडली, एखाद्याचें पोर शाळेंतून गळालें, कोणी दारूच्या पायीं बुडत आहे. तर जहाजाची कड तीच समजा.

आणि आपण सर्वच वांचलेलीं माणसें आहों. १८९६ नंतरच्या प्लेगांतून आपले पणजे-आजे उरले. १९१८ च्या तापांतून घरें उरलीं. २०२० व २०२१ च्या साथींत आपल्यांतील कित्येक जण मरणाच्या दारांतून परत आले. शेजारचा गेला व आपण राहिलों. कां, हें देव जाणे. आपण अधिक चांगले म्हणून खचित नव्हे. मग हें उरलेलें आयुष्य कोणाचें?

सत्कर्मानें तारण विकत मिळत नाहीं. कृपेचें ऋण फिटत नसतें. पण न फिटणारें ऋण विसरणें हा कृतघ्नपणा आहे, आणि तें आठवून चालणें हीच भक्ति. जॉन मॅकग्रेगर १६ जुलै १८९२ रोजीं प्रभूमध्यें निजला. ज्या जिवाला समुद्रानें सोडिलें, तो सदुसष्ट वर्षें राखून मूळ धन्याच्या हातीं परत गेला.

तर येत्या रविवारीं उपासनेहून घरीं जातांना प्रत्येकानें मनाशीं एकच विचारावें: मला वर ओढणारे हात कोणाचे होते, आणि माझे हात आज कोणाकडे पुढें झाले आहेत? प्रभु आपणां सर्वांस खाल्ल्या मिठाला जागण्याची कृपा देवो. आमेन.