अयोग्यता कोणाच्या ठायी?

शाब्दबोधाची कारणे सांगताना अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त आकांक्षा, योग्यता आणि संनिधी अशी त्रयी दिली आहे; पदे परस्परांची अपेक्षा करीत असली आणि लागोपाठ उच्चारली गेली, तरी ‘अग्नीने शिंपतो’ एवढ्याने बोध होत नाही, कारण सिंचनाचे साधन होणे अग्नीच्या स्वभावातच नाही. ही त्रयी संगणकासाठी नेटवर्क कार्ड निवडणाऱ्याच्याही फार कामाची आहे, असे मला वाटते.

मदरबोर्डावरचा रिकामा स्लॉट ही आकांक्षा आणि कार्ड त्यात नीट बसणे हा संनिधी. पीसीआय एक्सप्रेसचे एका लेनचे कार्ड सोळा लेनच्या लांब स्लॉटात बिनहरकत चालते, कारण किती लेन वापरायच्या हे उभय पक्ष आरंभीच ठरवून घेतात; जुन्या पीसीआय कार्डाला मात्र तेथे शिरकावच नाही, त्याची घडणच निराळी. पण बसलेले कार्डही अद्याप दाखल झालेले नसते. संगणक सुरू होताच त्याच्याकडून निर्मात्याचा आणि उपकरणाचा क्रमांक वाचला जातो, आणि त्या क्रमांकाचा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमच्या दप्तरी नसेल तर कार्ड निरुपयोगी ठरते. रियलटेकच्या आरटीएल 8125 या चिपला लिनक्स कर्नलच्या स्वतःच्या ड्रायव्हरात 2019 अखेरच्या 5.4 या आवृत्तीत स्थान मिळाले. त्याआधीच्या कर्नलवर, बाहेरून ड्रायव्हर आणून बसवल्याखेरीज, तेच कार्ड मुके राहते. मधल्या काळात कार्डातला एक टाकाही बदललेला नसतो.

म्हणजे अग्नीची अयोग्यता वस्तूतली, या कार्डाची दप्तरातली. आणि या दोहोंची गल्लत जेथे माणसांच्या बाबतीत झाली, तेथे तिने पिढ्यान्‌पिढ्यांचे नुकसान केले. ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणावरील भाष्यात शंकराचार्य शूद्राच्या ठायी विद्येची इच्छा संभवते हे मान्य करतात, परंतु लौकिक सामर्थ्य पुरेसे नाही, शास्त्रीय सामर्थ्य हवे, आणि अध्ययनाचाच निषेध असल्याने तेही नाही, असा निवाडा देतात. ज्याला शिकण्याची मुभा नाकारली, त्याच्याकडे शिकल्याची सनद मागणारा हा न्याय मला मान्य होत नाही. येथे बाध मनुष्यात कोठेच दाखवलेला नाही, तो दप्तरातच आहे.

ज्ञानेश्वरांनी ‘ज्ञानेश्वरी’च्या अठराव्या अध्यायात हा दोष उघडपणे वेदाच्या पदरी घातला: वेद संपन्न खरा, पण तीनच वर्णांच्या कानी लागल्याने त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, आणि ती उणीव भरून काढण्यासाठीच तो गीतेच्या रूपाने सर्वांना सेव्य झाला, असे ते पुढे सांगतात.