सुहृद कीं प्रहरी?

सन्मित्राचीं लक्षणें सांगतांना भर्तृहरीनें मित्राचें गुह्य झांकून ठेवणें हें एक लक्षण सांगितलें आहे. ज्याच्यापाशीं मन उघडें केलें असतां तें चव्हाट्यावर जात नाहीं तो मित्र, ही समजूत आपल्या घराघरांत आजहि दृढ आहे. परंतु अलीकडच्या काळांत जगांत एक असा व्यवसाय निर्माण झाला आहे, कीं त्यांतील माणसानें मित्र व्हावें अशीहि त्याच्याकडून अपेक्षा असते, आणि मित्र होऊन जें कळेल तें न्यायासनापुढें लिहून ठेवावें अशीहि असते. वाट चुकलेल्या, किंवा चुकण्याच्या बेतांत असलेल्या मुलांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या पाठीशीं नेमलेला कार्यकर्ता तो हा. हीं दोन कर्तव्यें एकाच माणसानें प्रामाणिकपणें पाळणें शक्य आहे काय, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथें करणार आहों.

या व्यवसायाचा आरंभ मोठा साधा आहे. अमेरिकेंत बोस्टन शहरीं जॉन ऑगस्टस नांवाचा एक जोडे शिवणारा गृहस्थ राहात असे. १८४१ सालीं न्यायालयांत उभ्या असलेल्या एका मद्यपी माणसास त्यानें स्वतः जामीन राहून सोडविलें, व कांहीं आठवड्यांनीं सुधारलेल्या स्थितींत पुनः न्यायाधीशापुढें आणून उभें केलें. पुढें त्यानें अशीं शेंकडों माणसें सोडविलीं. त्यांत मुलेंहि होतीं. त्याला सरकारी वेतन नव्हतें कीं अधिकारपद नव्हतें. त्यानंतर १८९९ सालीं शिकागो येथें मुलांकरितां स्वतंत्र न्यायालय निघालें. १९०७ सालीं इंग्लंडांत कायदा झाला, त्यानें अशा अधिकाऱ्याचीं कर्तव्यें सांगतांना उपदेश व साहाय्य यांच्या जोडीस मैत्रीहि घातली. आपल्याकडे १८७६ चा सुधारशाळांचा कायदा, १९२४ चा मुंबई इलाख्यांतील मुलांचा कायदा अशा पायऱ्या चढत आपण २०१५ च्या बालन्याय कायद्यापर्यंत आलों. या सर्व प्रवासांत मित्राची संस्था झाली, आणि त्याच्या हातीं दप्तर आलें. जोडे शिवणाऱ्या गृहस्थापाशीं जें नव्हतें तें बळ आजच्या कार्यकर्त्यापाशीं आहे. त्याच्या लेखणीच्या एका ओळीनें मूल घरीं जातें किंवा संस्थेंत राहतें.

ही अतिशयोक्ति नव्हे. अपराधाच्या आरोपावरून मूल पकडलें गेलें, कीं परिवीक्षा अधिकाऱ्यास कळवावें लागतें. आणि मुलाचा पूर्वेतिहास व कुटुंबाची स्थिति यांविषयींचा सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांच्या आंत बालन्याय मंडळापुढें ठेवावा, असा कायदा आहे. मुलास जामिनावर सोडणें हा नियम होय. परंतु सोडल्यानें तें सराईत गुन्हेगारांच्या संगतींत पडेल, किंवा त्यास शारीरिक, मानसिक वा नैतिक धोका पोंचेल, असें मानण्यास सबळ कारण असेल, तर जामीन नाकारतां येतो. असें कारण आहे कीं नाहीं, हें मंडळास बहुधा त्या अहवालावरूनच समजावयाचें असतें.

आतां वाचकांनीं एका घराची कल्पना करावी. पंधरा वर्षांचा मुलगा मोबाईल चोरल्याच्या आरोपावरून पकडला गेला आहे. आई चार घरचीं धुणींभांडीं करते. दुपारीं कार्यकर्ती त्या खोलींत जाऊन बसते, चहा घेते, धाकट्या बहिणीची वही पाहते, आणि हळूहळू त्या माउलीचें तोंड उघडतें. बाप रात्रीं पिऊन येतो, मुलाला पट्ट्यानें मारतो, म्हणून मुलगा स्टेशनावर निजतो. आणि तेथल्याच सोबत्यांबरोबर ही चोरी झाली. एवढें सांगून ती चटकन् म्हणते, “ताई, हें मात्र लिहूं नका हो. पोराला घरीं सोडायचे नाहींत.”

तिची भीति खोटी नाहीं. हें लिहिलें तर मुलगा निरीक्षणगृहांतच राहण्याचा संभव आहे. न लिहिलें तर तो पुनः त्याच पट्ट्याखालीं जाणार. कार्यकर्तीपुढें येथें तीन वाटा आहेत. पहिली, दया येऊन गप्प बसण्याची. ही वाट कोमल दिसते, पण हिच्यांत आईचा शब्द राखण्यासाठीं मुलाच्या पाठीचा बळी जातो. दुसरी, “नाहीं हो लिहीत” म्हणून मान डोलवावी आणि कचेरींत जाऊन सर्व लिहावें, ही. हिनें मुलाचें कदाचित् हित होईल. परंतु ज्या चहाच्या पेल्यावर तें गुह्य मिळालें तो पेला गळाचें आमिष ठरेल. त्या चाळींत पुनः कोणतीहि आई कोणत्याहि ताईपाशीं बोलणार नाहीं. तिसरी वाट अशी, कीं पहिल्याच भेटींत, चहा घेण्यापूर्वीं, स्पष्ट सांगावें: “मी मंडळाकडून आलें आहें. तुम्ही सांगाल त्यांतलें बरेंच मला लिहावें लागेल. मुलाच्या जिवाशीं खेळ होत असेल, तर तें मला झांकतां येणार नाहीं.”

आमच्या मतें ही तिसरीच वाट धर्म्य होय. मदत करणाऱ्याच्या हातीं सत्ता असणें हें पाप नव्हे. आईबाप, गुरु, वैद्य या सर्वांच्या हातीं ती असते. पण सत्ता असून ती नसल्याचें भासविणें, मायेच्या पदराआड दप्तर लपविणें, हें पाप आहे. गरीब कुटुंबास दारीं येणारा प्रत्येक सरकारी माणूस ओळखतां येतो. जो ओळखूं येत नाहीं तोच त्यास सर्वांत अधिक भयंकर.

येथें कोणी म्हणेल, कीं इतकें स्पष्ट बोलल्यावर ती बाई ओठ मिटूनच बसेल, आणि ज्या मुलाच्या हितासाठीं हा सारा खटाटोप तोच उघड्यावर पडेल. हा आक्षेप पोकळ नाहीं. कांहीं दारें बंद राहतील, हें आम्हांस मान्य आहे. परंतु कपटानें उघडलेलें दार एकदांच उघडतें, आणि या कामांत एका भेटीनें कांहींच साधत नाहीं. दुसरें असें, कीं संपूर्ण गुप्ततेचें वचन देण्याचा अधिकारच कार्यकर्त्यास नाहीं. लैंगिक अत्याचारांपासून मुलांचें संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानें तर असा अपराध ज्यास कळेल त्या प्रत्येकावर तो कळविण्याचें बंधन घातलें आहे. जें पाळतां येणार नाहीं तें वचन देणें ही दया नव्हे, उधारीवरची फसवणूक आहे.

मात्र उघडपणानें अर्धेंच कर्तव्य संपतें. उरलेलें अर्धें लेखणीचें आहे. “बाप व्यसनी, घर असंस्कृत” असें दोन शब्दांत लिहिणें हा अहवाल नव्हे, निकाल आहे. बापाचें काम कधीं सुटलें, मार केव्हांपासून सुरू झाला, आईनें मुलाला आपल्या भावाकडे ठेवण्याचा यत्न केला होता काय, आजी कोठें राहते, शाळा त्यास परत घेईल काय, हें सारें लिहिणें म्हणजे अहवाल. भीतीचें कारण लिहितांना आधाराचें ठिकाणहि लिहावें. मामाचें घर कागदावर आलें, तर घर कीं संस्था या दोन टोंकांमध्यें मंडळास तिसरा मार्ग दिसूं लागतो. संस्थेंत ठेवणें हा अखेरचा उपाय असावा, असें तत्त्व कायद्यानेंच सांगितलें आहे. पण आधीचे उपाय कोणी लिहिलेच नाहींत, तर अखेरचाच पहिला होतो. शक्य असेल तेथें जें लिहिलें तें त्या आईला वाचून दाखवावें. तिच्यासमोर जें वाक्य वाचण्याची लाज वाटेल, त्यांत बहुधा सत्यापेक्षां तुच्छताच अधिक असते.

आम्हां पांढरपेशांच्या घरींहि बाप मारतात, मुलें रुसून निघून जातात, खिशांतले पैसे नाहींसे होतात. पण आमच्या भिंती जाड असल्यामुळें त्यांचा अहवाल होत नाहीं. म्हणून ज्यांचें गुह्य झांकण्यास भिंत नाहीं, त्यांच्याविषयीं लिहिणाऱ्यावर आमच्याहून कडक सभ्यतेचें बंधन आहे.

आणि शेवटीं हेंहि ध्यानांत घ्यावें, कीं याच कायद्यांत मुलास नवा आरंभ मिळावा असें एक तत्त्व आहे. अत्यंत घोर अपराधांचा अपवाद सोडला, तर अपराध शाबीत होऊनहि त्याचा डाग मुलाच्या पुढील आयुष्यास लागूं नये, आणि योग्य काळानंतर दोषसिद्धीचीं कागदपत्रें नष्ट करावीं, अशी त्यांत तरतूद आहे. म्हणजे भर्तृहरीचें तें लक्षण कायद्यानें अगदींच टाकलेलें नाहीं. तें केवळ पुढें ढकललें आहे. प्रहरीचें काम संपलें म्हणजे गुह्य झांकलें जावें. तोंवर त्या कार्यकर्त्यानें खरें बोलून लिहावें, आणि लिहून झाल्यावरहि त्या खोलींत पुनः जात राहावें. अहवाल पोंचता झाल्यानंतर जो येतो, त्यालाच ती आई मित्र म्हणेल.