काढणे आणि फेडणे

अचलपुरात राहणाऱ्या माणसाला डोंगर पाहण्यासाठी कोठे जावे लागत नाही. सकाळी गच्चीवर गेले, की उत्तरेला गाविलगडची निळी रांग उभीच असते. पण ती रोज उभी असते म्हणूनच पाहावयाची राहून जाते. माझे तसेच झाले होते. त्या रांगेच्या पायथ्याशी पंचेचाळीस वर्षे काढली. चिखलदऱ्याला गेलो तो बहुधा शाळेच्या सहलीबरोबर, पोरे मोजत. गेल्या डिसेंबरात मुलाने हट्ट धरला, "बाबा, दोन दिवस माझ्याबरोबर चला. मी फोटो काढीन, तुम्ही नुसते बसा." मुलगा बावीस वर्षांचा. पुण्याला नोकरीला आहे, आणि पहिल्या वर्षाच्या शिलकेतून त्याने एक चांगला कॅमेरा घेतला आहे. ह्या वयाचा मुलगा बापाला आपण होऊन 'चला' म्हणतो, ही गोष्ट थोडी नव्हे. मी निघालो.

परतवाड्यापासून चिखलदरा तीसेक किलोमीटर. कपाशीची शेते मागे पडतात, मोटारसायकल घाटाला लागते, आणि थोड्याच वेळात कानांत दडे बसतात. अकराशे मीटरच्या आसपासची ही उंची. हिमालय पाहिलेला माणूस हिला टेकडी म्हणेल. पण वऱ्हाडच्या उन्हात भाजून निघालेल्या माणसाला येथले धुके, कॉफीची झाडे आणि पाच वाजताच अंगावर येणारी थंडी पाहून आपण परमुलखात आलो असे वाटते.

पहिला दिवस गाविलगडावर गेला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांचा हा किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दरवाजावरची शिल्पे अजून आहेत; त्याचा चेहरा मात्र आपल्याला ठाऊक नाही. फोटोची कला जगापुढे आली १८३९ साली, म्हणजे छत्तीस वर्षांनी. मी हे मुलाला मास्तरकीच्या सवयीने सांगत होतो आणि चढताना धापा टाकत होतो. एका बुरुजाशी टेकलो, डोळे मिटले, तोंड उघडे. तेवढ्यात कॅमेरा वाजला.

मी फोटो पाहिला. त्यात माझे वडील बसले होते, अखेरच्या आजारातले. "पूस तो," मी म्हणालो. मुलाने एक शब्द न बोलता पुसला. मला बरे वाटले आणि तो प्रसंग तेथेच मिटला, असे मी समजलो.

दुसऱ्या दिवशी सेमाडोहकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोरकूंचे एक गाव लागले. समोरासमोर घरांच्या दोन ओळी, मध्ये स्वच्छ झाडलेली वाट. एक म्हातारा अंगणात कुटकी वाळत घालीत होता. कोवळे ऊन त्याच्या पाठीवर पडले होते. मुलाने रस्त्यावरूनच पाच-सहा फोटो काढले. म्हाताऱ्याने पाहिले, हाताने बोलावले. आम्ही जरा भीतभीतच गेलो. पण तो रागावला नव्हता. त्याने कॅमेऱ्यामागच्या काचेत स्वतःला नीट न्याहाळले, आणि आमच्याशी बोलायची म्हणून हिंदी काढून विचारले, "ये तो मेरा है ना? फिर मेरे को कब देगा?"

मुलगा हसून म्हणाला, "देंगे ना, दादाजी."

"सब ऐसाच बोलते," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा कुटकी पसरू लागला.

त्या स्वरात तक्रार नव्हती. पाऊस यंदा उशिरा आला, असे सांगावे तसे त्याने ते सांगितले. म्हणूनच मला ते लागले.

पुढे रस्त्याकडेच्या सागाखाली भाकरी सोडली. पण घास उतरेना. मी मुलाला म्हणालो, "आपल्या भाषेत फोटो काढतात, तसेच कर्जही काढतात. कर्ज काढणारा निदान कागदावर अंगठा तरी देतो. तू काय दिलेस? काल मी पूस म्हणालो आणि तू पुसलेस, कारण मी बाप. तो म्हातारा पूस म्हणाला असता तर पुसले असतेस?"

माझे हे बोलणे चांगले जमले असे मला वाटले. मास्तराला आणि कादंबरीकाराला ही खोड असतेच. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, विचारत बसलो तर तो माणूस तसा राहत नाही. तो फोटोसाठी बसतो. आणि न विचारता काढलेल्या फोटोंनी भलेही होते. १९९३ साली मेळघाटातल्या कुपोषणाची बातमी गाजली. तशी पोरे वर्तमानपत्रांत लोकांनी पाहिली नसती, तर मुंबईला हा डोंगर कोठे आहे हे तरी कळले असते का?"

हे खोटे नव्हते. पण मुलगा प्रामाणिक आहे. आपल्या विरुद्धची साक्षही त्यानेच काढली. अमेरिकेत १९३६ साली मंदीच्या दिवसांत डोरोथिया लँग नावाच्या बाईंनी कॅलिफोर्नियातल्या निपोमो येथे मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. दोन पोरे तिच्या खांद्यांत तोंड खुपसून उभी, एक मांडीवर, आणि आईची नजर कोठे तरी दूर. तो छापून आला आणि सरकारने तळावर अन्न पाठविले. पण तोवर ते कुटुंब तेथून पुढे निघून गेले होते. फोटो जगभर गेला. त्या बाईचे नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, लोकांना कळले ते १९७८ साली. लँगबाईंनी नाव विचारले नव्हते. आणि थॉम्पसनबाईंची तक्रार काय होती? की फोटोची एक प्रत पाठवते म्हणाल्या होत्या, त्या प्रतीची वाट पाहत राहिले, ती काही आली नाही.

आम्ही दोघेही हसलो नाही. निपोमोची बाई आणि मेळघाटचा म्हातारा एकच गोष्ट मागत होते.

मला वाटते, येथेच आपला हिशेब चुकतो. एका चेहऱ्यामुळे हजारांचे भले होते, हे खरे. पण हजारांचे भले झाले म्हणून त्या एकाचे देणे फिटत नाही. ज्याच्या घरातून दाणा नेला त्याला, गावजेवण घातले, असे सांगून भागेल का? त्याच्या पानात काय पडले, हे पाहावेच लागते. आणि फोटो नुसता विचारून काढला म्हणजे सारे झाले, असेही नाही. म्हाताऱ्याने परवानगीची बातच काढली नव्हती. ती त्याने हसतमुखाने दिली असती. त्याला त्याचा वाटा हवा होता.

मी हे सारे बोलून दाखविले. मुलाने भाकरीचा तुकडा हातात धरून विचारले, "बाबा, कादंबरी लिहिलीत तेव्हा आत्याआजीला विचारले होते तुम्ही?"

माझ्या आत्याने, मी सोळा वर्षांचा असताना, एका दुपारी मला तिच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगितली होती. घरात दुसऱ्या कोणाला ती माहीत नव्हती. पुढे पंधरा वर्षांनी मी ती पहिल्या कादंबरीत घातली. नाव बदलले, गाव बदलले आणि समजलो की झाले. त्या पानाची लोकांनी वाखाणणी केली. आत्याला वाचायला कमी दिसते. कोणी तरी तिला ते पान वाचून दाखविले. ती मला काही बोलली नाही. सणावाराला जेवायला वाढते, मुलाबाळांचे विचारते. पण त्या दिवसापासून तिने मला काही सांगितलेले नाही. बोलणे सोडले नाही, सांगणे सोडले. हे मला ठाऊक होते. मुलालाही ठाऊक आहे, हे ठाऊक नव्हते.

मी उत्तर दिले नाही. डबा बांधला आणि आम्ही निघालो.

परतल्यावर मुलाने परतवाड्याच्या एका स्टुडिओतून म्हाताऱ्याच्या फोटोच्या दोन मोठ्या प्रती काढून घेतल्या आणि रजा संपण्याआधी पुन्हा तो घाट चढला. या खेपेस मी गेलो नाही. तो सांगत होता, म्हाताऱ्याने फोटो उन्हात धरून पाहिला, शेजाऱ्यांना हाका मारल्या, आणि मग म्हणाला, माझ्या म्हातारीचाही एक काढ. तिला बसवून, तिने लुगडे नीट केल्यावर, मुलाने तो काढला. कलेच्या दृष्टीने तो काही खास नाही, असे त्याचे मत. तोही नेऊन द्यायचा आहे.

मी मात्र त्या संध्याकाळी आत्याकडे गेलो. कादंबरीच्या प्रती गावोगाव गेलेल्या. ते पान आता कोणाकडून परत आणणार? फोटो पुसता येतो, छापलेले पुसता येत नाही. मी एवढेच म्हणालो, "आत्या, तेव्हा तुला विचारायला हवे होते."

ती वाती वळीत होती. बराच वेळ वळीत राहिली. मग म्हणाली, "चौदा वर्षांनी आठवलं तुला." आणि थोड्या वेळाने, "चहा टाकते."

तिने माफ केले की नाही, ते मला कळले नाही. विचारण्याचा अधिकारही मला नव्हता. पण ह्या दिवाळी अंकासाठी हा लेख लिहायला घेतला, तेव्हा मी आधी तिच्याकडे गेलो आणि लिहू का, असे विचारले. ती म्हणाली, "लिही. पण पाठवण्याआधी मला वाचून दाखव."

वाचून दाखविला. तिने दोन वाक्ये काढायला लावली. ती येथे नाहीत.