दान आणि राजधर्म

भुकेल्याला अन्न घालणे पुण्याचे, यात वाद नाही. पण राज्याने आपले काम टाकावे आणि दात्याने ते उचलावे, हा दानाचा विजय म्हणावा की राजधर्माची हार?

ब्रिटनचेच पाहा ना. ट्रसेल ट्रस्ट या संस्थेने २००० साली सॉल्सबरीत पहिली अन्नपेढी काढली. २०१० पासून तेथील सरकारने खर्चाला कात्री लावली, गरजूंचे भत्ते आखडले. पुढे महागाईही वाढली. २०१०-११ साली या पेढ्यांतून शिध्याची सुमारे ६१ हजार पुडकी गेली होती. २०२३-२४ साली ३१ लाखांवर गेली. कित्येक ग्रंथालयेही आता गावकरीच बिनपगारी चालवितात.

त्या सेवकांना नमस्कारच करावा. परंतु दान दात्याच्या इच्छेवर चालते. हक्क कोणाच्या इच्छेवर नसतो. दाता थकला तर भुकेल्याने कोणाचे दार ठोठवावे? शिवाय चिठ्ठी दाखवून शिधा घेताना मान खाली जाते, ती निराळीच.

म्हणून दात्याने हाताने वाढावे आणि तोंडाने विचारावे, ‘सरकार, हे ताट रिकामे का?’ वाढणारा मुका राहिला, तर त्याचे दानच राज्याची पळवाट होते.